पाण्यावरची बैठक

"किनारा कुठं गेला?" हस्तकसाहेबांनी विचारलं.

तुळशीरामनं बांबू पाण्यातून वर ओढला आणि डोंग्यात आडवा ठेवला. त्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. मघापर्यंत डावीकडे मोहाची झाडं होती, उजवीकडे देवळाचा कळस होता. आता डोंग्याच्या कडेपासून हातभर पाणी दिसत होतं, त्यावर कमळाची दोन-चार पानं, आणि त्यापुढे धुक्यानं सगळं पांढरं. जग तिथंच संपल्यासारखं.

"किनारा कुठं जाते?" कौतिकाबाई म्हणाल्या. "जाग्यावरच असंल जी. धुवारी उतरली का दिसते."

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तो भंडाऱ्याकडचा चांदबोडीचा तलाव, थंडीचे दिवस, आणि डोंग्यावर आम्ही चौघं. दोन डोंगे, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होड्या, एकमेकांना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, साहेबांना नीट बसता यावं म्हणून. एका टोकाला तुळशीराम, दुसऱ्या टोकाला मी. मधे साहेब, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून कौतिकाबाई मारबते, चांदबोडीच्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष. तुळशीराम त्यांचा धाकटा दीर. नवरा गेल्यावरही त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. मी त्यांना कौतिकामाय म्हणायची. सगळं गावच म्हणायचं.

मी पवनीच्या कोष्ट्याची मुलगी, कुमुद हेडाऊ. एका संघटनेचं काम करत चांदबोडीत राहायला आले होते. लोकांना एकत्र बसवायचं, अधिकाऱ्यांपुढे कसं बोलायचं ते शिकवायचं, बैठका लावायच्या, हे माझं काम. त्या वर्षी नागपूरच्या एका कंपनीनं तलावाकाठची जमीन घेतली. तिथं हॉटेल होणार होतं, रंगीत होड्या येणार होत्या. कंपनीनं काठानं सिमेंटचे खांब रोवले. तार ओढायची तेवढी राहिली होती. त्या तारेच्या आत गावाचे दोन्ही घाट जात होते. खालच्या घाटावर डोंगे लागायचे, जाळी सुकायची, शिंगाड्याचे ढीग पडायचे. वरचा घाट दगडी पायऱ्यांचा, बायकांचा. तिथं पुरुष फिरकायचे नाहीत.

मासेमारीचा हक्क सोसायटीचाच होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. पहिल्याच बैठकीत हस्तकसाहेब हसत म्हणाले होते, "पाणी तुमचंच आहे हो. फक्त काठ आमचा."

हस्तकसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. गावकऱ्यांशी बोलणी करायला कंपनीनं त्यांना नेमलं होतं. माणूस वाईट नव्हता. बायकोनं विणलेला मरून स्वेटर घालायचे, सगळ्यांना अहोजाहो करायचे. पण ते असे काही हसायचे की समोरच्याच्या डोक्यात तिडीक जायची. म्हणून मी सोसायटीच्या लोकांना एक युक्ती शिकवली होती. प्रत्येकानं पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा, राग आला की बोलायच्या आधी एक घोट घ्यायचा. दुसऱ्या बैठकीत सगळे इतके घोट घेत होते की साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गावात साथबीथ आहे का काही?" तिसऱ्या बैठकीत पाणी संपलं आणि तुळशीरामनं खुर्ची भिरकावली. बैठक मोडली.

त्या संध्याकाळी कौतिकामाय मला म्हणाली, "त्या खोलीत बसून काई होत नाई वो. तिथं समद्यायलेच राग येते. त्याले एकडाव पान्यावर आन."

म्हणून आम्ही पाण्यावर होतो. तलावातून खांब कसे दिसतात, डोंग्यांची वाट कुठून जाते, ते साहेबांनी पाहावं एवढाच बेत होता. धुकं बेतात नव्हतं.

सुरुवातीला ते छान वाटलं. आवाज नाही, वारा नाही. कुठंतरी बदकं होती. दिसत नव्हती, पण झोपेत कोणी पुटपुटावं तशी त्यांची कुजबुज येत होती, कधी पुढून, कधी अगदी मागून. डोंगा चालतोय की उभा आहे तेही कळेना. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास येत होता. मला उगाच वाटून गेलं की असंच राहावं. खांब नाहीत, कंपनी नाही, बैठक नाही.

"चला ना," साहेब म्हणाले.

"कुटं?" तुळशीराम म्हणाला.

"कुठं म्हणजे? परत. काठाला."

"दिसल्याबिगर कसं नेऊ? मधात खुटे हायत, जाळे हायत. डोंगा अडकला तं उलटंल."

उलटंल हा शब्द ऐकला आणि साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी दोन्ही हातांनी फळी पकडली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काठावरून निघाल्यापासून त्यांनी ती सोडलीच नव्हती.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"काय मुद्दाम?" मी विचारलं.

"धुकं पडणार हे यांना माहीत नव्हतं? रोज पाण्यावर असतात हे लोक! बैठकीत जमलं नाही म्हणून मला इथं आणलंत. मी लहान पोर नाही, कुमुदबाई. याला धमकी म्हणतात. मी पोलिसांत जाईन."

"साहेब, धुकं काय आम्ही पाडलं?"

"तुमचं शिक्षण झालंय, तुम्हाला हे शोभतं का? या लोकांचं मी समजू शकतो. यांना खुर्च्या फेकण्यापलीकडे काय येतं?" मग त्यांचं लक्ष कौतिकामायकडे गेलं. "आणि ही बाई! हसतेय बघा. माणूस इथं अडकलाय आणि ही हसतेय."

कौतिकामाय हसत नव्हती. तिचे पुढचे दात थोडे पुढे होते, त्यामुळे तिचं तोंड नेहमीच हसल्यासारखं दिसायचं. गावात पोरंसुद्धा त्यावरून कधी काही बोलली नव्हती. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला.

तो पदर पाहिला आणि माझे कान तापले. घोट घ्यायला चहूबाजूंनी पाणीच पाणी होतं आणि मला काही सुचत नव्हतं. मी काय काय बोलले ते आज नीट आठवत नाही. तुम्ही धरणं बांधलीत, माणसं उठवलीत, आता म्हातारपणी काठ विकताय, असं काहीतरी. माझा आवाज धुक्यात जायचा आणि परत यायचा नाही, त्यामुळे मी आणखी मोठ्यानं बोलत होते. साहेबही बोलत होते. दोघांचं एकदमच चाललं होतं. मग ते उभे राहिले.

डोंगा एका बाजूला कलला. पाणी फळीवर आलं, साहेबांचे बूट भिजले. तुळशीराम ओरडला, "बसा! बसा ना!" पण साहेबांना बसताही येईना. ते तसेच अर्धवट वाकून उभे, तोंड उघडं, हात हवेत. त्या क्षणी मला वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, आणखी थोडा कलू दे.

कौतिकामायनं बसल्या जागेवरून त्यांचा स्वेटर धरला आणि खाली ओढलं. आई पोराला ओढते तसं. ते धपकन बसले. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. त्यांनी तिचं मनगट असं आवळलं की बांगडी फुटल्याचा आवाज आला.

डोंगा डुलत डुलत सावकाश स्थिरावला.

"मला पोहता येत नाही," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. "आयुष्यभर पाणी अडवलं मी. पाण्यात कधी उतरलो नाही."

"बरं," कौतिकामाय म्हणाली.

"घ्या तुमचे घाट. दोन्ही घ्या. खांब काढायला लावतो मी. म्हणाल तिथं सही करतो. फक्त मला काठाला न्या."

तुळशीरामनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. "आयकलं ना ताई? बोल. शब्द घे. देवाची आन घ्याले लाव."

मी साहेबांकडे पाहिलं. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. स्वेटरची बाही वर सरकली होती, आणि आतला म्हातारा हात, पांढऱ्या केसांचा, उघडा पडला होता. आम्हाला हवं होतं ते सगळं त्या हातात होतं. तीन बैठका, गावातल्या रात्रंदिवसाच्या चर्चा, सगळं. फक्त हो म्हणायचं होतं. मला ते हवंही होतं. शिवाय त्यांना घाबरलेलं पाहून मला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं मला माझ्याच तोंडात कडू लागत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "आत्ता घाटाचं काही बोलू नका."

"मी खरंच देतो!"

"नको. आत्ता नको. किनाऱ्यावर बोलू."

तुळशीरामनं कपाळावर हात मारला. कौतिकामायनं माझ्याकडे पाहिलं नाही. एका हाताचं मनगट तसंच साहेबांच्या मुठीत ठेवून तिनं दुसऱ्या हातानं कमरेच्या पुरचुंडीतून उकडलेले शिंगाडे काढले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

"सोला," ती म्हणाली.

"काय?"

"शिंगाडे सोला जी. काटा लागते, पाहून धरा. एका हातानं जमत नाई थे, माहा हात सोडा लागंल."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि एक शिंगाडा उचलला. पहिला त्यांना सोलताच आला नाही, त्याचा पार चुरा झाला. दुसऱ्याचं काळं साल निघालं आणि आतून पांढरं, ओलं फळ बाहेर आलं. त्यांनी ते कौतिकामायला दिलं. तिनं मला दिलं. तिसरं त्यांनी स्वतः खाल्लं.

मग आम्ही किती वेळ तसे होतो कोण जाणे. धुक्याला वेळ नसते. पांढऱ्याच्या आतून कधी पिवळसर उजेड यायचा आणि परत जायचा. डोंगा स्वतःशीच फिरत होता, कमळाची पानं एका बाजूनं येत, फळीला घासत, दुसऱ्या बाजूनं निघून जात. एकदा एक पाणकोंबडी पानावरून चालत अगदी जवळ आली, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवून परत धुक्यात गेली. साहेब हसले. त्या हसण्यानं कोणाच्या डोक्यात तिडीक गेली नाही. त्यांनी त्यांच्या पहिल्या कालव्याची गोष्ट सांगितली, पाणी पहिल्यांदा सोडलं तेव्हा लोक पाण्याच्या पुढे पुढे कसे धावत होते ते. तुळशीराम रागावून पाठ करून बसला होता, पण त्यानं मान थोडी वळवली. माझे कान थंड झाले होते. मला जागेपणीच गुंगी येत होती.

धुकं वरून फाटलं. आधी कळस दिसला, खाली देऊळ नसलेला नुसताच कळस. मग मोहाची झाडं, बुंध्यांशिवाय. मग सिमेंटचे खांब, एकामागे एक, पाण्यात उलटे. आणि पाहतो तो आम्ही वरच्या घाटापासून दहा हातांवर होतो. डोंगा आपोआपच तिकडं आला होता.

घाटावर बाया नव्हत्या. आम्ही पायऱ्यांवर उतरलो. साहेबांनी बूट काढले, मोजे पिळले, ते दगडावर वाळत घातले आणि अनवाणी पायांनी पायरीवर बसले.

"मघाशी मी जे बोललो..." ते म्हणाले.

"ते तलावात राहिलं," मी म्हटलं. "तुम्ही बोललात ते, आणि मी बोलले तेही."

"दोन्ही घाट मी देऊ शकत नाही. खरं सांगतो. मी कबूल केलं असतं आणि मालकांनी आठवड्यात मला काढून दुसरा माणूस पाठवला असता. पण एक घाट मी वाचवू शकतो. लेखी, सोसायटीच्या नावानं, बैलगाडी जाईल एवढ्या रस्त्यासकट. त्यासाठी मी भांडेन. त्यांच्याशी, तुमच्याशी नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. एकावर थांबायचं नव्हतं, मला वाढवून मागायचं होतं. दोन्ही घाटांची वहिवाट, निदान सकाळ-संध्याकाळ तरी. आमचं तसं ठरलं होतं.

"खालचा द्या," कौतिकामाय म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"खालचा द्या," ती पुन्हा म्हणाली. भाजीवालीनं जुडी निवडून द्यावी तितक्या साध्या आवाजात. "डोंगे तिथं लागतेत, पोट तिथं हाय. वरचा तुमी घ्या. बाया खाली येतीन, एक आडोसा बांधून द्या म्हंजे झालं."

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

"हो जी. नक्की."

साहेब तिच्या मनगटाकडे पाहत होते. बांगडी फुटली होती तिथं रक्ताची बारीक रेघ सुकली होती. "तुम्हाला लागलं," ते म्हणाले.

"बांगडी व्हय. दुसरी भरता येते."

मोजे ओलेच होते. ते तसेच घालून साहेब गेले. त्यांची जीप दिसेनाशी झाल्यावर तुळशीराम माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "जाळ्यात आलेला मासा सोडला तू, ताई," तो म्हणाला. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सोसायटीतही बरीच कुरबुर झाली. आपण हरलो असं म्हणणारे होते, आणि मी कंपनीला विकली गेले असंही एक-दोघं म्हणाले. साहेबांनी मात्र शब्द पाळला. कागद झाला. तुळशीरामनंच तो पंचायतीत सगळ्यांना वाचून दाखवला, माझ्याकडे न पाहता. खालचा घाट आजही सोसायटीचा आहे, रस्त्यासकट. हॉटेल मधे एकदा बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, मालक बदलले. त्या घाटाला कोणी हात लावला नाही.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. वरच्या घाटाला तार लागायची होती त्या सकाळी कौतिकामायनं मला उठवलं. "चाल," म्हणाली. कुठं ते सांगितलं नाही. खालच्या घाटावरून आम्ही दोघीच एक डोंगा घेऊन निघालो. धुकं नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं आणि तलाव इतका निवांत की डोंगा आभाळातूनच चाललाय असं वाटत होतं. तीच बांबू मारत होती. तलावाच्या अगदी मधोमध आल्यावर तिनं बांबू ठेवला.

"आता वरड," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिशी तू घोटासारखं गिरलं ना समदं? मी पायत होती. त्या साहेबाले आनखी बोलाचं होतं तुले, डोंगा हालवाचा होता, अन् तू गिरून घेतलं. मंग सोसायटीतल्या लोकायनं तुले बोललं, थेही गिरलं. पोटात ठेवलं तं सडते थे. इथं कोनी नाई. वरड."

मला लाज वाटली. मी एकदा हळूच आ केला. ती हसायला लागली, खरोखर हसायला लागली. "मांजर हाय का?" मग मी ओरडले. पहिल्यांदा नुसता आवाज, मग शब्द, मग शिव्या, ज्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. साहेबांना दिल्या, कंपनीला दिल्या, तुळशीरामला दिल्या. बदकांचा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. माझा घसा बसला. मी पाण्यात हात घालून तोंड धुतलं. अंग पिसासारखं हलकं झालं होतं.

"तू नाही ओरडत?" मी चेष्टेनं विचारलं. तिला कशाला ओरडायला लागतंय, असंच मला वाटत होतं. इतक्या बैठका झाल्या, तिनं एकदाही आवाज चढवला नव्हता. मला वाटायचं तिला रागच येत नाही, देवानं तशीच घडवली असेल.

ती वरच्या घाटाकडे पाहत होती. दुरून पायऱ्या पांढऱ्या दिसत होत्या. कंपनीची माणसं तारेची भेंडोळी उतरवत होती.

"लगन होऊन आली तवा तेरा वर्साची होती मी," ती म्हणाली. "घरात सासू होती. मंग पोट्टे झाले. मंग मालक गेले अन् सोसायटी गऱ्यात पडली. कोनी ना कोनी आवाज देतच राये, कौतिका, माय, अध्यक्षबाई. फक्त त्या खालून दुसऱ्या पायरीवर कोनी आवाज देत नोयतं. धुनं धुवून झालं का पाय पान्यात सोडून मी बसत जावो. घडीभर. रोज. तिथं मी कोनाची कोनीच नोयती."

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? का पोट राहू द्या अन् माही बसाची जागा द्या? ते समद्यायचं व्हतं, हे माह्या एकटीचं."

मग ती उभी राहिली. डोंगा जरासुद्धा हलला नाही. तिनं पदर कमरेला खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली. त्यात शब्द नव्हता. इतक्या लहानखुऱ्या बाईच्या अंगात तेवढा आवाज असेल असं कधी वाटलं नसतं. तो पाण्यावरून गेला, मोहाच्या झाडांवर आदळला आणि परत आमच्याकडे आला. काठावरची माणसं हातातलं काम टाकून तलावाकडे पाहू लागली. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ओरडली. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळे कोरडे होते.

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच बाजूला केला.

"झालं?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "अजून लई हाय. तू कान झाक."

मी कान झाकले नाहीत.